ताईच्या क्विल्टिंग मासिकांची व्यवस्था : ऑक्टोबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळातील नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसऱ्याला पाटीपूजन झाले आणि आज माळ्यावरची अकरा खोकी खाली उतरवली. माझी थोरली बहीण १९८७ साली लग्न होऊन ओहायोला गेली, तिथल्या शेजारणींकडून क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखी पांघरुणे शिवणे, शिकली आणि २०१६ मध्ये परत येताना सगळी मासिके बोटीने घेऊन आली. तेव्हापासून ही मासिके रत्नागिरीच्या आमच्या घरात, कौलांखालच्या माळ्यावर, आली त्याच खोक्यांत पडून होती. कोकणातले आठ पावसाळे त्यांनी तसेच काढले. ताईला आता माळ्याची शिडी चढवत नाही, आणि तिला हवा असलेला एखादा नमुना शोधून देणे मला कधीच जमलेले नाही, म्हणून हे काम मी अंगावर घेतले. कोकणात किंवा मुंबईसारख्या दमट ठिकाणी ज्यांच्याकडे गुळगुळीत कागदाच्या मासिकांचा साठा आहे, त्यांना उपयोग होईल अशा बेताने या नोंदी ठेवत आहे.

मोजणीला दीड दिवस लागला. एकूण अंक ४१२ भरले. क्विल्टर्स न्यूजलेटरचे १७१, क्विल्टमेकरचे ८४, अमेरिकन पॅचवर्क अँड क्विल्टिंगचे ६८, लव्ह ऑफ क्विल्टिंगचे ४१, क्विल्टमॅनिया या मोठ्या आकाराच्या फ्रेंच मासिकाचे ९ आणि बाकीचे किरकोळ ३९. तीस अंक वजनकाट्यावर ठेवले तर साडेसहा किलो भरले; या हिशेबाने सगळा साठा नव्वद किलोंच्या घरात जातो. हा आकडा आधी कळला ते बरे झाले, कारण पलंगावरच्या भिंतीला फळ्या मारून त्यावर मासिके रचायचा माझा पहिला विचार त्याच संध्याकाळी सोडून दिला.

मोजताना एक चूक झाली. क्विल्टर्स न्यूजलेटरच्या बऱ्याच वर्षांच्या मुखपृष्ठांवर नावापुढे 'मॅगझीन' हा शब्द आहे आणि नंतरच्या अंकांवर तो नाही. मी ही दोन वेगळी मासिके धरून दोन गठ्ठे केले. कोलोरॅडोत बॉनी लेमन यांनी १९६९ मध्ये सुरू केलेले आणि २०१६ मध्ये बंद झालेले हे एकच मासिक आहे, हे ताईने सांगितल्यावर गठ्ठे परत एकत्र केले. सुदैवाने त्यावर सलग अंक क्रमांक असतो, त्यामुळे महिन्याच्या भानगडीत न पडता क्रमांकावरून लावता आले. एके काळी या मासिकाचे वर्षाला दहा अंक निघत आणि जानेवारी-फेब्रुवारी व जुलै-ऑगस्ट हे जोडअंक असत. ज्यांना हे ठाऊक नसेल ते माझ्यासारखेच फेब्रुवारीचा अंक हरवला म्हणून शोधत बसतील.

१९ ऑक्टोबर

अकरापैकी एक खोके पन्हळीच्या गळतीखाली होते. त्यातले अकरा अंक विटेसारखे एकजीव झाले आहेत. दोन अंकांवर मी वाफेची इस्त्री फिरवून पाने सोडवण्याचा प्रयत्न केला. पाने सुटली, पण चित्रे समोरच्या पानावर उमटून आली आणि मजकूर सालीसारखा निघाला. गुळगुळीत कागदावर खडूसारखा पांढरा मुलामा असतो. तो भिजला की डिंकासारखा होतो आणि तसाच वाळला की पाने कायमची चिकटतात. भिजलेला अंक हाती आल्या आल्या, ओला असतानाच, प्रत्येक दोन पानांच्या मधे साधा कोरा कागद घालून पंख्याखाली सुकवला असता तर वाचला असता. आमच्या बाबतीत ती वेळ काही वर्षांपूर्वीच निघून गेली होती. अकराही अंकांचे क्रमांक वहीत उतरवून ते रद्दीत काढले. ताई त्या वेळी खोलीत होती. तिने त्यातला एक हातात घेतला, अंगठ्याने कड उचलून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवला.

२० ते २६ ऑक्टोबर

या आठवड्यातली चूक सगळ्यांत महाग पडली, म्हणून ती सविस्तर लिहिते.

अख्खी मासिके कशाला ठेवायची, उपयोगाचे नमुने कापून प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांच्या फायलींत विषयवार लावावेत आणि बाकीचे रद्दीत द्यावे, असे मला वाटले. जाहिरातीच जवळजवळ निम्म्या असतात, त्यामुळे जागाही निम्मी लागेल असा हिशेब होता. ताई तेव्हा पुण्याला भाच्याकडे गेली होती. मी पाच दिवसांत चौदा अंक कापले आणि दीडशे पाकिटे भरली.

सव्विसाव्या तारखेला ताई परतली. तिने फाईल चाळली आणि एका नमुन्यावर थांबून विचारले, "अगं, याचे साचे कुठे आहेत?" मग माझ्या लक्षात आले. क्विल्टची कृती पान ३२ वर सुरू होते, मधेच तुटते, उरलेली पान ७८ वर असते, आणि कापड कापायचे पूर्ण मापाचे साचे अंकाच्या मध्यभागी घडी घालून लावलेल्या मोठ्या कागदावर असतात. त्या एका कागदावर, दोन्ही बाजूंना, चार-पाच नमुन्यांचे साचे वेगवेगळ्या रेषांनी एकमेकांवर छापलेले असतात. मी एका नमुन्यापुरता तो कागद कापला होता आणि मागच्या बाजूच्या दुसऱ्या नमुन्याची कमान मधोमध दुभंगली होती.

दुसरी गोष्ट ताईने दाखवली ती मला एरवी कधीच समजली नसती. शिवणकामाच्या मासिकांत छपाईची चूक राहिली, उदाहरणार्थ पट्टीची लांबी अर्ध्या इंचाने कमी छापली गेली, तर तिची दुरुस्ती पुढच्या एखाद्या अंकात, बहुधा वाचकांच्या पत्रांच्या जवळ, चार ओळींत येते. ती चौकट कापणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. माझ्या कापलेल्या चौदा अंकांच्या रद्दीत अशा तीन दुरुस्त्या सापडल्या. रद्दी अजून दारात होती म्हणून सापडल्या.

त्या दिवशी ठरले ते असे, की अंक अखंड ठेवायचे, ज्या त्या मासिकाच्या क्रमाने लावायचे, आणि विषयवार शोधण्याचे काम सूचीवर सोपवायचे. कापलेल्या चौदांपैकी दोन अंकांच्या प्रती नशिबाने दुबार निघाल्या, त्यांच्या जागी अखंड प्रती ठेवल्या. बाकी बारांचे तुकडे एकेका अंकाचे एकेक जाड पाकीट करून त्यात भरले आणि पाकिटावर पेन्सिलीने 'कापलेला अंक, पाने अपुरी असू शकतात' असे लिहिले. पाच दिवस गेले, आणि ते तुकडे जुळवायला पुढे आणखी तीन दिवस गेले.

१० नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद होते. आज कागदाची साफसफाई सुरू केली. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश आणि जुने सुती फडके, एवढेच वापरले. ओले फडके कुठेही लावले नाही.

तीन खोक्यांत कसर लागलेली आहे. पाने कडेला खरवडल्यासारखी पातळ झाली आहेत आणि मुखपृष्ठांच्या पाठीवर, जिथे गोंद आहे तिथे, नक्षीसारखे चट्टे आहेत. मी घरातल्या सवयीने त्या गठ्ठ्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि गठ्ठे पॉलिथीनमध्ये बांधून ठेवले. तीन दिवसांनी उघडले तर कसर जिवंत होती आणि तो उग्र वास मात्र कागदात मुरला होता. ताईचे डोके दुखू लागले. ते अंक पडवीत सावलीला, दोरीवर तंबूसारखे उघडे टांगून वास निघून जायला जवळजवळ तीन आठवडे लागले. डांबराच्या गोळ्या कागदासाठी आणि वाचणाऱ्या माणसासाठीही वापरू नयेत, असे आता अनुभवाने सांगते. एका गठ्ठ्यात कडुनिंबाचा पाला घातला होता. तो नीट वाळलेला नव्हता, त्यामुळे दोन मुखपृष्ठांवर पानांचे तपकिरी डाग उमटले.

२ ते १७ डिसेंबर

कसरीवरचा उपाय थंडीचा केला. शेजारच्या काकूंकडे आमरस साठवायचा डीप फ्रीझर आहे आणि डिसेंबरात तो रिकामा असतो. त्यांनी तो आनंदाने दिला. कसर लागलेले अंक, एकूण ११०, दहा-दहांचे गठ्ठे करून जाड पिशव्यांत घातले, पिशवीतली हवा दाबून काढली आणि तोंड चिकटपट्टीने पक्के बंद केले. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश होते; उणे २० असते तर आठवडा पुरला असता, पण घरगुती यंत्र आहे म्हणून पूर्ण चौदा दिवस ठेवले.

यातही एक पिशवी गमावल्यासारखी झाली. बाहेर काढल्यावर मी पहिली पिशवी अर्ध्या तासात उघडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत वरच्या मुखपृष्ठावर दव धरले. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात तसेच. दोन मुखपृष्ठे लाटांसारखी वाकली आणि ती अजून तशीच आहेत. बाकीच्या पिशव्या बंद ठेवूनच चोवीस तास घरात राहू दिल्या, म्हणजे जे दव धरायचे ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरले, आणि मगच उघडल्या. नंतरच्या आठ महिन्यांत या अंकांत एकही जिवंत कसर दिसलेली नाही.

५ जानेवारी २०२५

गंजलेल्या पिना. सत्तरपेक्षा जास्त अंकांच्या पाठीतल्या पिना गंजल्या आहेत आणि मधल्या पानांवर तांबूस डाग पसरले आहेत. मागच्या आठवड्यात दोन अंकांच्या पिना मी पकडीने ओढून काढल्या आणि मधले जोडपान दोन्ही वेळा फाटले. आज ताईने पद्धत दाखवली. अंक मधोमध उघडून टेबलावर सपाट ठेवायचा, लोणी लावायच्या बोथट सुरीने पिनेचे दोन्ही पाय एकेक करून सरळ उभे करायचे, मग अंक पालथा करून पाठीकडून पिना अलगद उचलायच्या. गंजाची भुकटी ब्रशने झाडायची. त्यानंतर जुन्या भोकांच्या मधोमध एक नवे भोक सुईने पाडून, दुहेरी सुती दोऱ्याने मधल्या भोकातून सुरुवात करून वर, खाली आणि परत मधे असा टाका घालायचा आणि गाठ आतल्या बाजूला मारायची.

गोधडीला धावदोरा घालताना ती वापरते त्याच सुईने आणि त्याच पांढऱ्या दोऱ्याने ताई हे करत होती. तिची बोटे आता थोडी कापतात, पण सुई भोकात घालताना कापत नाहीत. एका अंकाला मला पंधरा मिनिटे लागतात, तिला सहा. जानेवारी संपेपर्यंत आम्ही ७४ अंक शिवले, त्यांतले पन्नास तिने. हे काम कुणी करणार असेल तर दोरा ओढून घट्ट करताना पाठीच्या रेषेच्या दिशेने, अंकाला समांतर ओढावा. वर उचलून ओढला तर तो कागद चिरत जातो.

१६ फेब्रुवारी

सूचीचे काम डिसेंबरात सुरू केले होते, ते आज थांबवून नव्याने आखले. संगणकावरच्या तक्त्यात मी चौदा रकाने केले होते आणि प्रत्येक अंकातला प्रत्येक नमुना नोंदवत होते. दहा आठवड्यांत फक्त ६१ अंक झाले. या गतीने वर्षही पुरले नसते.

अडचणी दोन प्रकारच्या होत्या. पहिली तारखांची. मी '३/९४' असे लिहिले की तक्ता त्याला स्वतःच तारीख समजून भलतेच दाखवी, आणि महिन्यांची नावे अक्षरांत लिहिली की क्रम अक्षरांप्रमाणे लागून ऑगस्ट जानेवारीच्या आधी येई. आता वर्ष आणि महिना जोडून १९९४०३ असा एकच आकडा लिहिते आणि जोडअंकाला पहिला महिना धरते. क्रम आपोआप बरोबर लागतो.

दुसरी अडचण देवनागरीची होती आणि ती उशिरा कळली. ताईने 'ॲप्लिक' (कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार शिवून केलेली नक्षी) शोधले तर नऊ नोंदी आल्या, प्रत्यक्षात तीसच्या वर होत्या. मोबाइलवरून लिहिताना 'ॲ' हे एकच अक्षर उमटत होते, तर घरच्या संगणकावर 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र असे दोन भाग उमटत होते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय मीच कुठे 'लॉग कॅबिन' तर कुठे 'लॉग केबिन' लिहिले होते. नमुन्यांच्या नावांची पंचेचाळीस शब्दांची एक ठरावीक यादी केली आणि आता रकान्यात हाताने न लिहिता त्या यादीतूनच निवडते. लॉग कॅबिन, नाइन पॅच, ओहायो स्टार, फ्लाइंग गीज, चर्न डॅश, डबल वेडिंग रिंग ही नावे ताईने वापरली तशीच ठेवली, त्यांची मराठी नावे बनवली नाहीत, कारण अंकात शोधताना तीच नावे डोळ्यांसमोर असतात.

रकाने चौदावरून सातवर आणले. मासिक, वर्ष-महिना, नमुन्याचा प्रकार, पान, साच्यांचा कागद आहे की नाही, दुरुस्ती कोणत्या अंकात आली, डब्याचा क्रमांक. आणि काय नोंदवायचे हे ताई ठरवेल असे ठरले. ती अंक चाळते, "जे मी पुन्हा करीन किंवा कुणाला तरी शिकवीन तेवढंच लिही" असे म्हणून पान दाखवते, मी लिहिते. या रीतीने दिवसाला आठ ते दहा अंक होतात आणि तिच्यासोबत बसण्याचे दोन तासही मिळतात.

९ मार्च

साच्यांच्या मोठ्या कागदांनी चार दिवस घेतले. ते अंकात ठेवले तर घडीवर फाटतात, म्हणून मी ते सगळे काढून एका वेगळ्या पेटीत ठेवले होते, आणि कोणता कागद कोणत्या अंकातला हे लिहायचे राहिले. काही कागदांच्या कोपऱ्यात अंकाचा महिना बारीक छापलेला असतो, काहींवर फक्त नमुन्याचे नाव असते. अठ्ठावीस कागद नावावरून, रेषेच्या प्रकारावरून आणि गंजाच्या डागावरून जुळवले. डागाची युक्ती उपयोगी पडली, कारण अंकाच्या मधल्या पानावरचा डाग आणि कागदाच्या घडीवरचा डाग एकमेकांवर तंतोतंत बसतो. तीन कागद अजून बेवारस आहेत.

आता प्रत्येक कागद साध्या तपकिरी पाकिटात घातला आहे, पाकिटावर आणि कागदाच्या कडेला मऊ पेन्सिलीने अंकाचा क्रमांक लिहिला आहे, आणि पाकीट त्या अंकाच्या शेजारीच त्याच डब्यात ठेवले आहे. पाकिटांना १ पासून क्रमांक आहेत. शाईचे पेन कुठेच वापरलेले नाही. दमट हवेत शाई गुळगुळीत कागदावर फुटते. फाटलेल्या घड्यांना सेलोटेप लावली नाही. ताईने वीस वर्षांपूर्वी लावलेली सेलोटेप आता पिवळी होऊन गळून पडली आहे आणि खाली चिकट पट्टा राहिला आहे.

१३ एप्रिल

ठेवायच्या जागेबद्दल. सुरुवातीला ८५ रुपयांना एक अशी दहा उभी प्लास्टिकची मासिक-घरे आणली होती. पिनांचे अंक त्यांत उभे राहत नाहीत. घर पूर्ण भरले नाही की ते मधून खचतात, आणि महिन्याभरात त्यांना धनुष्यासारखा बाक आला. म्हणून सगळे अंक आडवे, सपाट ठेवायचे ठरवले. झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे, ए-फोर कागद सहज मावेल एवढे, २४० रुपयांना एक मिळाले. अमेरिकेतली बहुतेक मासिके ए-फोरपेक्षा दोनेक सेंटिमीटर आखूड असतात, त्यामुळे हा आकार नेमका बसला. क्विल्टमॅनियाच्या नऊ अंकांसाठी मात्र मोठा डबा शोधावा लागला. एका डब्यात साधारण अठरा अंक राहतात आणि वजन चार किलोंच्या आसपास होते, जे ताईला दोन्ही हातांनी उचलता येते. जास्त भरायचा मोह होतो, पण उचलता न आलेला डबा उघडलाही जात नाही.

आमच्या भिंती चिऱ्याच्या आहेत आणि पावसात बाहेरच्या भिंती पाणी ओढतात. लोखंडी कपाट त्या भिंतीला लावून ठेवले तर त्याच्या पाठीवर आतून ओल धरते, हे कपड्यांच्या कपाटाने आधीच शिकवले आहे. म्हणून मधल्या खोलीत, आतल्या भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून अर्धा फूट उंच, उघडा लोखंडी रॅक बसवला. सुतारकाकांनी लाकडी कपाट सुचवले होते. वाळवीच्या भीतीने मी नको म्हटले.

दुबार निघालेले तेवीस अंक गावातल्या गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या बचतगटाला दिले. त्यांतल्या बहुतेकींना इंग्रजी येत नाही, पण आकृत्या पाहून तुकडे कसे जोडले आहेत ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले. इंचाचे टेप त्यांच्याकडे होतेच. अडले ते फक्त यार्डावर, म्हणून एक यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त, आणि 'फॅट क्वार्टर' म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा, अशी चिठ्ठी प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठामागे ठेवली.

१ जून

शेवटचे आठ डबे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सावकाश भरायचे असा बेत होता. या वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात आला आणि २६ तारखेला मुंबईत पोहोचला. त्याच्या आधीही चार-पाच दिवस पाऊस होताच. घाईघाईने, धो-धो पावसात, मी ते आठ डबे भरून झाकणे लावली आणि प्रत्येकात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन पुड्या टाकल्या.

आज आर्द्रतामापक आत ठेवून पाहिले. एप्रिलमध्ये भरलेल्या डब्यांत ५७ ते ६० टक्के, आणि या आठ डब्यांत ७४ ते ७६ टक्के. सिलिका जेलचे नारिंगी खडे हिरवट होऊन थकले होते. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीला वाव मिळतो, त्यामुळे हे असेच सोडून चालणार नव्हते. चूक कुठे झाली ते नंतर हिशेब केल्यावर उमगले. डब्यातली हवा थोडीच असते, पाणी असते ते कागदात. चार किलो कागद दमट हवेत दोन-तीन टक्के जरी जास्त पाणी पिऊन बसला तरी ते शंभर ग्रॅमच्या आसपास होते, आणि दोनशे ग्रॅम जेल आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच पाणी घेते. कोरडा कागद कोरडा राखायला जेल पुरते. ओलसर कागद सुकवायला पुरत नाही.

आठही डबे उघडून अंक झोपायच्या खोलीत दोरीवर आणि खुर्च्यांच्या पाठींवर पसरले, वातानुकूलन यंत्र कोरड्या हवेच्या स्थितीवर ठेवून दोन रात्री आणि एक दिवस चालवले, आणि खोलीतला आकडा ५५ वर आल्यावर त्याच खोलीत, दार बंद करून, डबे पुन्हा भरले. विजेचे बिल वाढले, त्याचा हिशेब खाली धरलेला नाही. जेलचे खडे ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीन तास तापवले की परत नारिंगी होतात, त्यामुळे नवे घ्यावे लागले नाहीत. पुढच्यांनी डबे भरण्याचे काम मार्च-एप्रिलमध्येच संपवावे.

२० जुलै

खर्च : डबे २२, ५,२८० रुपये. रॅक ३,४००. वाया गेलेली मासिक-घरे ८५०. आर्द्रतामापक दोन, ७६०. सिलिका जेल ६४०. जाड पिशव्या ४२०. पाकिटे, पेन्सिली, दोरा, ब्रश ३१०. एकूण ११,६६०. वेळ दोघींचा मिळून दोनशे तासांच्या आसपास, त्यातला किमान पन्नास तासांचा चुका निस्तरण्यात गेला.

४१२ पैकी ३७८ अंक डब्यांत आहेत. सूचीत १,१४६ नमुने नोंदवले आहेत आणि ४७ दुरुस्त्या त्या त्या नमुन्याशी जोडल्या आहेत. या दुरुस्त्या म्हणजे मला या साऱ्या कामाचे सार वाटते, कारण ताईने १९९८ मध्ये अर्धवट सोडलेल्या एका गोधडीची पट्टी का जुळत नव्हती, ते त्यांतल्या एकीने सांगितले. ती पट्टी तीनदा उसवून तिने स्वतःच्या हाताला दोष दिला होता.

२४ ऑगस्ट

आर्द्रता माळ्यावर आज ८४ टक्के, मधल्या खोलीत ७९, डबा क्रमांक ६ मध्ये ५९, डबा क्रमांक १९ मध्ये ६१. कसर नाही, वास नाही. एकोणिसाव्या डब्यातले जेल तापवायला काढले.

गणपतीला भाचेसून येते आहे आणि तिच्या बाळासाठी ताईला ओहायो स्टार करायचा आहे, छत्तीस इंचांचा. सूचीत शोधल्यावर बावीस नोंदी आल्या, त्यांतली एक पाळण्याच्या मापाची होती. नवव्या डब्यातला अंक आणि सतराव्या क्रमांकाचे पाकीट मी आणून देईपर्यंत चार मिनिटे लागली. दुरुस्तीच्या रकान्यात काही नव्हते, तरी ताईने पुढचे दोन अंक मागवून स्वतः पाहून घेतले. मग तिने साच्यांचा कागद टेबलावर उलगडला, वर बटर पेपर ठेवून चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, आणि त्रिकोणाची रेषा पेन्सिलीने उतरवून घेतली. पाव इंच शिवण धरलेली आहे की नाही हे तिने पट्टीने दोनदा मोजले. बटर पेपर तिच्या शिवणाच्या डब्यात गेला, आणि मूळ कागद जुन्याच घड्यांवर दुमडून सतराव्या पाकिटात परत.